हातमोजे न काढता फोन वापरण्यासाठी: वाहक दोऱ्याने हातमोजे शिवण्याची पद्धत

डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या बाजूला पहाटे दुचाकीवर निघणाऱ्या माणसाला, हिमालयात पदभ्रमणाला गेलेल्या गिर्यारोहकाला आणि कॅनडात किंवा जर्मनीत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला एकच अडचण येते. हात उबदार ठेवले तर फोन चालत नाही आणि फोन चालवायचा तर हातमोजा काढावा लागतो. बाजारात ‘टचस्क्रीन हातमोजे’ मिळतात, पण त्यांतल्या अनेकांची बोटे आपल्या मापाची नसतात आणि काहींवरचा वाहक थर थोड्या धुण्यांतच निकामी होतो. उलट, आपल्याला आवडणारा आणि हाताला नेमका बसणारा हातमोजा बहुधा घरात आधीपासून असतोच. त्याच हातमोज्याला फोन ओळखेल अशी सोय घरच्या घरी कशी करावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. ज्याला शर्टाचे बटण लावता येते त्याला हे काम जमते. इलेक्ट्रॉनिक्सचे ज्ञान असण्याची गरज नाही, मात्र काचेखाली काय घडते हे एकदा समजून घेतल्याशिवाय सुई हातात घेऊ नये, असे माझे मत आहे. ज्यांचे काम फसते त्यांचे शिवण सहसा वाईट नसते. आपण कशासाठी शिवत आहोत, हे त्यांना नीट कळलेले नसते.

काचेला नेमके काय जाणवते

आजच्या फोनच्या काचेला दाब कळत नाही. ऊबही कळत नाही. काचेच्या खाली इंडियम टिन ऑक्साइडसारख्या पारदर्शक वाहक पदार्थाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असते आणि फोनमधली चिप या पट्ट्यांमधली विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवून धरण्याची क्षमता, सतत मोजत असते. आपले शरीर पाण्याने आणि क्षारांनी भरलेले असल्यामुळे ते विजेचे बऱ्यापैकी वाहक आहे. बोट काचेजवळ आले की त्या जागेवरच्या विद्युतभाराचा अगदी सूक्ष्म अंश शरीराकडे ओढला जातो, त्या ठिकाणची धारिता किंचित बदलते आणि चिप तो बदल ‘स्पर्श’ म्हणून नोंदवते. अशा धारितेवर चालणाऱ्या पडद्याची कल्पना इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली मांडली होती. सर्वसामान्यांच्या खिशात हे तंत्र मोठ्या प्रमाणावर पोहोचले ते मात्र २००७ मध्ये पहिला आयफोन आल्यानंतर. त्याआधीचे आणि त्या काळातले बरेच फोन दाबावर चालणाऱ्या पडद्याचे होते. त्यांवर नखाने, काडीने किंवा हातमोज्याने दाबले तरी चालत असे, आणि म्हणून ही अडचण तेव्हा कुणाला फारशी जाणवली नाही.

हातमोजा घातला की बोट आणि काच यांच्यामध्ये लोकर, कापूस, स्पंज किंवा चामडे यांचा विद्युतरोधक थर येतो. अंतर वाढेल तशी धारिता कमी होत जाते, त्यामुळे जाड लोकरी हातमोज्यातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की चिप त्याला निरर्थक गोंगाट समजून सोडून देते. डॉक्टर वापरतात ते पातळ नायट्राइलचे हातमोजे घालून मात्र फोन बहुतेक वेळा चालतो, कारण तो थर मिलिमीटरच्या एक-दशांशाच्या आसपास असतो.

आता यातली खरी कळीची गोष्ट. हातमोज्याच्या टोकाला बाहेरून काहीतरी चमकदार, धातूचे लावले की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. धातूचा एवढासा तुकडा एकटा असेल तर त्याच्याकडे विद्युतभार ओढून घ्यायला जागाच नसते. तो शरीराशी जोडलेला असला तरच उपयोगी पडतो. याची खात्री दोन मिनिटांत करून घेता येते. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल घ्यावा, प्लॅस्टिकच्या जाड पेनच्या बोथट टोकाभोवती तो गुंडाळावा आणि फॉइल पेनच्या मध्यापर्यंत येऊ द्यावा. फॉइलवर बोटे ठेवून पेन धरले आणि त्याचे टोक फोनच्या काचेवर अलगद टेकवले तर फोन प्रतिसाद देतो. तेच पेन फॉइल संपतो त्याच्या पलीकडे, नुसत्या प्लॅस्टिकवर धरले तर फोन गप्प राहतो किंवा कसाबसा, तुटक प्रतिसाद देतो. २०१० च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियात लोक हातमोजे न काढता छोट्या पाकीटबंद सॉसेजने आयफोन चालवू लागल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या होत्या, त्यामागे हेच तत्त्व होते. ओलसर, खारट सॉसेज बोटाच्या जागी उभे राहत होते.

तेव्हा आपल्याला त्वचेपासून काचेपर्यंत न तुटणारी वाहक वाट तयार करायची आहे, आणि काचेकडच्या टोकाला ती बोटाच्या टेकणीइतकी रुंद करायची आहे. पुढची प्रत्येक पायरी या एका वाक्यातून येते.

शिवण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये पाहावे

काही फोनमध्ये पडद्याची संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते. सॅमसंगच्या अनेक गॅलेक्सी फोनमध्ये ती ‘डिस्प्ले’ या विभागात ‘टच सेन्सिटिव्हिटी’ या नावाने सापडते, तर गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये स्क्रीन प्रोटेक्टर लावणाऱ्यांसाठी अशीच सोय दिलेली आहे. २०१२ मध्ये आलेल्या नोकिया लुमिया ९२० ची तर ही जाहिरातीतली एक ठळक खूण होती. ही सोय चालू करून पाहण्याला काही पैसे पडत नाहीत, म्हणून सुरुवात इथूनच करावी. हातमोजे पातळ सुती किंवा पातळ पॉलिएस्टरचे असतील तर कदाचित तेवढ्यावर भागेल आणि पुढचे काही करावे लागणार नाही. जाड लोकर, अस्तर असलेला हातमोजा किंवा दुचाकीचा हातमोजा असेल तर मात्र या सेटिंगचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय ती कायम चालू ठेवली तर खिशात फोन आपोआप दाबला जाण्याचे प्रकार वाढतात, हेही लक्षात ठेवावे. फोनवर जाड किंवा नीट न चिकटलेली टेम्पर्ड ग्लास असेल तर तीही बदलून घ्यावी. काचेखाली अडकलेल्या हवेमुळे चांगला शिवलेला हातमोजाही बाद ठरू शकतो.

कोणत्या हातमोज्यांना सुई लावू नये

हा भाग कृपया वगळू नये. विजेच्या कामासाठी दिलेले रबरी रोधक हातमोजे, म्हणजे महावितरणचे कर्मचारी आणि वायरमन वापरतात ते, कोणत्याही परिस्थितीत टोचू नयेत आणि त्यांत वाहक दोरा घालू नये. त्या हातमोज्यांचे सारे काम वीज त्वचेपर्यंत पोहोचू न देणे हे असते आणि आपण तर नेमकी उलटी वाट तयार करत असतो. त्यात सुईचे एक छिद्रही प्राणघातक ठरू शकते. रसायने हाताळण्याचे, वेल्डिंगचे, भट्टीजवळचे आणि रुग्णालयातले हातमोजेही वर्ज्य समजावेत, कारण टोचले की त्यांचे संरक्षण कमी होते. आणखी एक सूचना: वाहक दोरा शिवलेला साधा हातमोजा घालूनसुद्धा उघड्या तारा, इन्व्हर्टरची जोडणी किंवा दुचाकीच्या बॅटरीची टोके हाताळू नयेत. तिथे तो काढून ठेवावा.

सुरक्षा प्रमाणपत्र असलेल्या दुचाकीच्या महागड्या हातमोज्यांबाबत माझा सल्ला सावधगिरीचा आहे. अपघातात तळहात आणि बोटांच्या शिवणी रस्त्यावर घासल्या जातात आणि त्यांची ताकद नेमकी ठरवलेली असते, त्यामुळे मूळ शिवण उसवून तिच्यात काही घालण्याचा विचार करू नये. बोटाच्या मऊ भागावर, शिवणीपासून दूर, मोजके टाके घालणे एवढीच मर्यादा पाळावी.

दोरा कोणता घ्यावा

वाहक दोरे मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. पहिला म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा दोरा. तो मऊ असतो, साध्या दोऱ्यासारखा शिवता येतो आणि काचेवर अलगद फिरतो, पण घामाने आणि हवेने हळूहळू काळा पडतो आणि कडक साबणाने त्याचा मुलामा जातो. दुसरा स्टेनलेस स्टीलच्या तंतूंचा दोरा. तो करड्या रंगाचा आणि थोडा ताठ असतो, त्याची गाठ सुटायला पाहते आणि कापलेले टोक पिंजारते, मात्र तो काळा पडत नाही, गंजत नाही आणि धुण्याला दाद देत नाही. नवख्याने पहिला हातमोजा चांदीच्या मुलाम्याच्या दोऱ्याने शिवावा. रोज वापरायचा आणि वारंवार धुवायचा हातमोजा असेल तर थोडा त्रास सोसून स्टीलचा दोरा घेणे शहाणपणाचे ठरते. इलेक्ट्रॉनिक्सचे छंदसाहित्य विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांत ‘कंडक्टिव्ह थ्रेड’ असा शोध घेतला की दोन्ही मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतही चौकशी करून पाहावी. एका बोटाला अर्धा ते एक मीटर दोरा पुरतो.

इथे जरीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण वाहक दोरा ही आपल्याला नवी वस्तू मुळीच नाही. रेशमाच्या किंवा सुताच्या गाभ्याभोवती धातूची बारीक पट्टी गुंडाळून जर तयार होते, आणि धातू खरा असेल तर ती वीज वाहते. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी कापडातच विद्युतमंडल विणण्याचे प्रयोग केले, तेव्हा त्यांनी भारतात विणले जाणारे, रेशमाच्या धाग्यावर तांब्याची पट्टी गुंडाळलेले ऑर्गन्झा कापड वापरले होते. तेव्हा घरात जुन्या, विरलेल्या साडीच्या काठाची जर पडून असेल तर ती वापरता येईल का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर जरीच्या प्रकारावर अवलंबून आहे. चांदीची किंवा तांब्याची जर वाहक असते. आज सर्रास मिळणारी प्लॅस्टिकची जर मात्र धातूचा मुलामा दिलेल्या पातळ पॉलिएस्टर फिल्मची असते आणि तिच्यावर रोधक लेप असतो, त्यामुळे ती कितीही चमकली तरी या कामाला निरुपयोगी ठरते. डोळ्यांनी हा फरक ओळखू येत नाही, विजेचा रोध मोजणाऱ्या मल्टिमीटर या उपकरणाने लगेच येतो. खरी जर मिळाली तरी तिची धातूची पट्टी वारंवार कापडातून ओढली की उलगडते आणि तांब्याची जर घामाने हिरवट पडते. म्हणून प्रयोगासाठी किंवा एखाद्या हिवाळ्यापुरती ती चालेल, पण तिच्यासाठी धडक्या पैठणीला कात्री लावू नये.

दोऱ्याशिवाय मोठ्या नेढ्याची सुई, अंगुस्तान, शिंप्याचा खडू, छोटी कात्री आणि हातमोज्याच्या बोटात मावेल असा जाड मार्कर पेन एवढेच साहित्य लागते. साधा, स्वस्त मल्टिमीटर जवळ असला तर काम निम्मे सोपे होते. तो नसला तरी अडत नाही, कारण अंतिम परीक्षा फोनच घेणार आहे.

शिवण्याची कृती

सर्वप्रथम दोरा तपासावा. मल्टिमीटर सातत्य तपासण्याच्या खुणेवर, म्हणजे बीप वाजते त्या खुणेवर ठेवून दोऱ्याच्या वीतभर लांबीच्या दोन टोकांना दोन सळ्या लावाव्यात. बीप वाजली किंवा काही शे ओहमपर्यंतचा (ओहम हे रोधाचे एकक) आकडा दिसला तर दोरा चांगला आहे. आपल्या कामात वाहणारा विद्युतप्रवाह इतका सूक्ष्म असतो की काही हजार ओहमचा रोधही सहज चालून जातो, त्यामुळे कमीत कमी रोधाचा महाग दोरा शोधत बसण्याची आवश्यकता नाही.

त्यानंतर जागा ठरवावी, आणि इथे घाई करू नये. आपण बोटाच्या अगदी टोकाने फोन वापरतो असे वाटते, परंतु प्रत्यक्षात तर्जनीचा टेकणारा भाग टोकापासून थोडा खाली, मऊ मांसल भागावर असतो आणि अंगठ्याचा तर बहुतेक वेळा आतल्या कडेकडे झुकलेला असतो. ताटलीत थोडी खडूची पूड पसरावी, हातमोजा घालून बोट त्यात हलके बुडवावे आणि मग फोनच्या आकाराच्या एखाद्या वहीवर किंवा पुठ्ठ्यावर, नेहमी फोन धरतो तसे धरून, टंकलेखनाची नक्कल करावी. हातमोज्यावर जिथली पूड पुसली गेली ती आपली जागा. तिच्याभोवती शिंप्याच्या खडूने सहा ते आठ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आखावे. वर्तुळ याहून लहान केले तर संकेत अपुरा पडतो. फार मोठे केले तर फोन टेकलेल्या भागाचा मध्य धरतो आणि कळफलकावर ‘क’ ऐवजी शेजारचे अक्षर उमटते. फारच मोठा भाग टेकला तर काही फोन त्याला तळहात समजून दुर्लक्ष करतात.

किती बोटे शिवायची हेही आधीच ठरवावे. फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने चालवणाऱ्याला तो अंगठा आणि दुसऱ्या हाताची तर्जनी पुरेशी होते. नकाशा चिमटीने लहान-मोठा करायचा असेल तर एकाच हाताचा अंगठा आणि तर्जनी अशी जोडी हवी. दहाही बोटे शिवण्यात अर्थ नाही, उलट फोन धरणारी बोटे चुकून काचेला टेकून नको ते उघडतात.

आता हातमोज्याच्या बोटात मार्कर पेन घालावा. यामुळे कापड ताणून बसते आणि सुई पलीकडच्या बाजूत शिरून बोटाची दोन्ही कापडे एकमेकांना शिवली जात नाहीत. हा अपघात नवख्यांच्या हातून फार वेळा होतो. सुईत एकपदरी दोरा ओवावा. शेवटी गाठ न मारता दोन सेंटिमीटरचे टोक हातमोज्याच्या आत मोकळे सोडावे आणि सुई आतून बाहेर काढून वर्तुळाच्या कडेपासून सुरुवात करावी. धावदोऱ्याच्या लहान, दाट टाक्यांनी वर्तुळ समांतर ओळींत भरत जावे. दोन ओळींमध्ये एक ते दीड मिलिमीटर अंतर ठेवावे. पहिल्या ओळी भरून झाल्या की त्यांवर आडव्या दिशेने दुसऱ्या ओळी घालाव्यात, म्हणजे जाळी तयार होते आणि एखादा टाका तुटला तरी वाट खंडित होत नाही. विणलेल्या लोकरी हातमोज्यात दोरा ओढून घट्ट करू नये. कापड ताणले जाते, दोरा ताणला जात नाही, आणि घट्ट टाका पहिल्याच वापरात तुटतो.

सगळ्यांत महत्त्वाचे काम आतल्या बाजूला आहे. बाहेरची जाळी सुबक झाली म्हणजे संपले असे समजून अनेक जण दोरा कापतात. मात्र जाळीचा दोरा बोटाच्या त्वचेला टेकत नसेल तर आधीच्या प्रयोगात पाहिलेली, नुसत्या प्लॅस्टिकवर धरलेल्या पेनचीच स्थिती होते. म्हणून जाळी पूर्ण झाल्यावर सुई आत न्यावी, बोट शक्य तेवढे उलटे करावे आणि आतल्या बाजूला पाच-सहा सैल फासे सोडत मोठे टाके घालावेत, जेणेकरून बोट आत शिरताच ते त्याच्या मऊ भागाला चिकटून बसतील. सुरुवातीला मोकळे सोडलेले टोक आणि शेवटचे टोक यांची आतच दुहेरी गाठ मारावी. स्टीलच्या दोऱ्याची गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर नेलपॉलिशचा एक बारीक थेंब सोडावा. तो फाशांवर पसरू देऊ नये, कारण वाळलेले नेलपॉलिश रोधक असते. कापलेली टोके त्वचेला टोचणार नाहीत अशी वळवून घ्यावीत. दोरा कापल्यानंतर जे बारीक तुकडे उरतील ते लगेच गोळा करून टाकावेत, विशेषतः जवळ चार्जर, संगणक किंवा उघडे उपकरण असेल तर, कारण वाहक दोऱ्याचा तुकडा आत शिरला तर शॉर्ट सर्किट होऊ शकते.

अस्तर असलेल्या हातमोज्यात बाहेरचे कापड आणि अस्तर यांना मिळून टाका घालावा लागतो. अस्तर सैल असेल तर ते हातमोजा काढताना बोटाबरोबर बाहेर ओढले जाते आणि शिवण तुटते. अशा वेळी आधी साध्या दोऱ्याच्या दोन-तीन टाक्यांनी अस्तर टोकाशी पक्के करून घ्यावे आणि नंतरच वाहक दोरा घालावा.

तपासणी, आणि चालले नाही तर

हातमोजा घालावा आणि चित्र काढण्याचे कोणतेही ॲप उघडून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश तिरपी रेघ ओढावी. रेघ अखंड आली तर काम उत्तम झाले आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ‘अबाउट फोन’ विभागातील बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात आणि त्यांतली ‘पॉइंटर लोकेशन’ ही सोय चालू केली की बोट नेमके कुठे टेकले हे पडद्यावर रेघांनी दिसते. जागा चुकली असेल तर ती लगेच कळते.

फोनने मुळीच प्रतिसाद दिला नाही तर लगेच उसवू नये. शिवलेले बोट काचेवर टेकवून ठेवावे आणि दुसऱ्या हाताच्या उघड्या बोटाने त्या जाळीच्या कडेला, काचेला न लागता, स्पर्श करावा. फोन चालू लागला तर बाहेरची जाळी ठीक आहे आणि दोष आतल्या बाजूला आहे, म्हणजे फासे त्वचेपर्यंत पोहोचत नाहीत. आत आणखी काही टाके घालावेत किंवा हातमोजा बोटाला सैल असल्यास साध्या दोऱ्याने बोटाची रुंदी थोडी कमी करावी. उघड्या बोटाने असा स्पर्श करूनही फोन चालला नाही तर बाहेरची जाळी विरळ आहे किंवा दोराच वाहक नाही. रेघ मधूनमधून तुटत असेल तर बहुधा बोट आत सरकते आहे. थंडीत हाताची त्वचा फार कोरडी पडलेली असेल तर संपर्क कमी होतो. अशा वेळी बोटांना थोडे मॉइश्चरायझर लावल्याने फरक पडतो.

दोन परिस्थिती हातमोज्याचा दोष नसताना गोंधळ उडवतात. ओला हातमोजा पाण्यामुळे सगळीकडूनच थोडा थोडा वाहक होतो आणि काचेवरचे थेंबही स्पर्श म्हणून नोंदले जातात, त्यामुळे फोन वेड्यासारखा वागू लागतो. तेव्हा काच आणि हातमोजा दोन्ही कोरडे करावेत. दुसरी परिस्थिती हलक्या प्रतीच्या चार्जरची आहे. त्यातून येणारा विद्युत गोंगाट चिपला गोंधळात टाकतो, म्हणून तपासणी करताना फोन चार्जिंगला लावलेला नसावा. फोन हातात न धरता दुचाकीच्या स्टँडवर वापरायचा असेल तर शेवटची तपासणी त्याच स्टँडवर करावी, कारण हातात धरलेल्या आणि न धरलेल्या फोनला मिळणारा संकेत सारखा नसतो.

जलरोधक आणि चामडी हातमोजे

जलरोधक हातमोज्यात मधोमध एक पातळ पडदा असतो. सुई त्यातून गेली की पाणी आत यायला वाट मिळते. तिथे दोरा आत न नेता वेगळ्या मार्गाने न्यावा. फक्त बाहेरच्या कापडात टाके घालत टोकावर जाळी करावी आणि तिथून दोऱ्याची रांग बोटाच्या बाजूने, हाताच्या पाठीवरून मनगटापर्यंत आणून कफच्या आत वळवावी. मनगटाच्या त्वचेला दोरा टेकला की वाट पूर्ण होते. हे काम वेळखाऊ आहे, आणि वाटेत दोरा तुटू नये म्हणून तो थोडा नागमोडी न्यावा लागतो, परंतु हातमोजा कोरडा राहतो.

चामड्याला पडलेले छिद्र पुन्हा बुजत नाही, म्हणून टाके उसवून पुन्हा घालण्याची मुभा तिथे नसते. तीन धारांच्या टोकाची चामड्याची सुई वापरावी, टाके एकमेकांपासून थोडे लांब ठेवावेत आणि जाळीऐवजी एक सर्पिल ओळ पुरेशी मानावी. बोटांना लावायचे वाहक द्रवही विकत मिळतात. ते चामड्यात मुरतात आणि कापडावरही काही काळ टिकतात, मात्र घासले जाऊन त्यांचा परिणाम ओसरतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा लावावे लागतात.

उणे वीस अंशांच्या थंडीत, म्हणजे लडाखच्या हिवाळ्यात किंवा कॅनडाच्या मैदानी प्रांतांत, जाड हातमोज्यालाच टाके घालण्याचा हट्ट धरू नये. तिथे पातळ आतला हातमोजा शिवून घ्यावा आणि त्यावर मोठा जाड हातमोजा चढवावा. फोन वापरायच्या वेळी वरचा काढला तरी हात पूर्ण उघडा पडत नाही आणि हिमदंशाचा धोका कमी होतो.

वापरताना

वाहक दोऱ्याने बोटाचा ठसा वाचला जात नाही. फोन उघडण्यासाठी पिन किंवा चेहऱ्याची ओळख ही सोय आधीच करून ठेवावी, कारण थंडीत रस्त्यावर उभे राहिल्यावर ही आठवण होणे त्रासाचे असते. कळफलकाची उंची वाढवावी आणि शक्य तिथे मराठीत बोलून लिहिण्याची सोय वापरावी. छायाचित्र काढताना आवाजाच्या बटणाचा उपयोग करावा. दुचाकीवर असताना हातमोजा चालतो म्हणून चालत्या गाडीत पडद्याला हात लावू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहन चालवताना हातातले संपर्क-उपकरण वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. मार्ग ठरवून मगच निघावे आणि बदल करायचा असल्यास गाडी बाजूला थांबवावी.

कडाक्याच्या थंडीत बॅटरीही दगा देते. लिथियम-आयन बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि चार्ज दिसत असतानाही फोन बंद पडतो. ॲपल आपला फोन शून्य ते पस्तीस अंश सेल्सिअसमध्ये वापरण्याची शिफारस करते. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा आणि गोठणबिंदूखाली थंड झालेला फोन उबदार झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, कारण त्या स्थितीत बॅटरीच्या आत लिथियमचा धातुरूप थर साचून तिचे कायमचे नुकसान होते.

निगा

स्टीलच्या दोऱ्याने काच खरचटेल अशी भीती अनेकांना वाटते. काचेला खरा धोका जाळीत अडकलेल्या वाळूच्या कणांचा असतो, कारण वाळूतले क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असते. म्हणून माती किंवा वाळू हाताळून झाली की बोटाचे टोक ब्रशने झटकावे. प्लॅस्टिकचा स्क्रीन प्रोटेक्टर असेल तर त्यावर मात्र धातूच्या दोऱ्याचे बारीक ओरखडे पडू शकतात, तिथे टेम्पर्ड ग्लास बरी. हातमोजे सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवावेत. ब्लीच मुळीच वापरू नये आणि कपडे मऊ करणारे द्रवही टाळावेत, कारण त्यांचा तंतूंवर रोधक थर बसतो. पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत वाळवावेत. चांदीच्या मुलाम्याचा दोरा काळवंडला तरी लगेच बदलू नये. आधी मल्टिमीटरने बाहेरच्या जाळीपासून आतल्या फाशांपर्यंतची वाट तपासावी, आणि ती तुटली असेल तरच जुन्या टाक्यांवरून नव्या दोऱ्याचे टाके घालावेत. जुना दोरा उसवत बसण्याची गरज नसते. हिवाळा संपल्यावर हे हातमोजे पूर्ण कोरडे करून बंद पिशवीत ठेवावेत, म्हणजे दमट पावसाळ्यात चांदी कमी काळवंडते.